गाढव नावाचं जहाज

दुसऱ्या मजल्यावर, चष्म्याच्या दुकानाच्या वर, दातवाल्याची खोली होती. तो डॉक्टर नव्हता. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, तो त्यावरून कवळी बनवायचा. वीस वर्षांत हजारो तोंडांत त्याचे दात बसले असतील, पण त्यांतलं एकही तोंड त्याने पाहिलं नव्हतं. अपवाद एकच. सासऱ्यांचं.

सासरे क्रेन चालवायचे. तीस वर्षं जमिनीपासून सात मजले वर, काचेच्या केबिनमध्ये एकटे. निवृत्त झाले तेव्हा खाली कुणाशी काय बोलायचं ते त्यांना सुचेना. मग जावयाने त्यांना खेळ शिकवला.

त्या खेळाला शेवट नव्हता. पडद्यावर अफाट काळं अंतराळ, त्यात विखुरलेली स्थानकं, आणि देशोदेशीचे लोक आपापली जहाजं घेऊन फिरणारे. कुणी माल न्यावा, कुणी तो लुटावा, मेलेल्याने शेवटच्या स्थानकावर पुन्हा उभं राहावं. या दोघांनी मालवाहू जहाज घेतलं. रुंद, सुस्त, दोन खुर्च्यांचं. पुढे चालक, मागे काचेच्या घुमटात तोफवाला. घुमटात बसल्याबरोबर म्हातारा खूश झाला. "हे बरंय. वरून बघायचं, कुणी बोलायला येत नाही." जहाजाचं नाव त्यानेच ठेवलं, गाढव.

रोज संध्याकाळी सहाला दोघे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसत.

"आलात, जावईबापू?"

"आलो बाबा."

"सोडा मग गाढव."

नेम धरताना म्हातारा जिभेने खालची कवळी उचलायचा आणि सोडायचा. टक. पुन्हा टक. दुसऱ्या टकला तोफ उडायची. त्याला स्वतःला हे ठाऊक नव्हतं. दातवाल्याला मात्र ठाऊक होतं, कारण कवळी त्याच्याच हातची होती. पहिली टक ऐकली की तो गाढव स्थिर धरायचा. स्वतःवर गोळीबार झाला, तर मात्र त्याची एकच सवय. नाक खाली घालून डावीकडे सटकायचं. म्हातारा दरवेळी हसायचा. "वाकलास कशाला रे? दात पडला का खाली?"

आणखी एक काम दातवाल्याकडे होतं. जवळून जाणाऱ्या जहाजांना आपलं बोलणं ऐकू जायचं. ते बंद करायचं बटण चालकापुढे असायचं आणि तो ते निघण्याआधी आठवणीने दाबायचा. नाहीतर लुटारूंना स्वतःच्या आयांबद्दल बरंच नवीन ऐकायला मिळालं असतं.

दरम्यान लग्न मोडलं. भांडण झालं नाही. दातवाला आणि त्याची बायको एकाच घरात अधिकाधिक हळू बोलू लागले, आणि एके दिवशी तिला आपला आवाजच ऐकू येईना. ती नर्स होती. लग्नाचा आजार कुठवर गेलाय हे तिला त्याच्याआधी कळलं. कागदांवर सह्या झाल्या त्या संध्याकाळी तो सहाला खुर्चीत बसला. बसावं की नाही, हे त्याला कळत नव्हतं. पडद्यावर गाढव स्थानकाला लागलेलं होतं. घुमटात दिवा होता.

"आलात?" म्हातारा म्हणाला. थोडा वेळ गेला. "जावईबापू?"

"आलो बाबा."

"सोडा मग."

त्यानंतर दोन वर्षं गेली. सह्यांचा विषय कधी निघाला नाही. ते बर्फ वाहायचे, यंत्रांचे सुटे भाग वाहायचे. दातवाल्याला दुसरं माणूस उरलं नव्हतं. आई-वडील पूर्वीच गेले होते, आणि मित्र बायकोच्या मैत्रिणींचे नवरे होते.

एका बुधवारी म्हाताऱ्याने दोन लुटारू सोडून दिले. टक ऐकू आली, तोफ उडाली नाही.

"बाबा, लक्ष कुठंय?"

"काल ती आली होती. गोळ्या द्यायला." म्हातारा अडखळला. "दाराशी उभी होती. मी इकडे ओरडतोय, जावईबापू, डावीकडे घ्या. तिने ऐकलं."

"रागावली?"

"रागावली असती तर बरं झालं असतं. गोळ्या ठेवल्या आणि किती वाजता कुठली घ्यायची ते पुन्हा पुन्हा सांगत बसली."

दातवाल्याने जहाज एका मोठ्या खडकाच्या आड नेलं.

"ती पुन्हा लग्न करतेय," म्हातारा म्हणाला. "तो शाळेत खेळ शिकवतो. माणूस वाईट नाहीये रे. त्याला हेही शिकायचंय. मला म्हणतो, बाबा, मला घ्या बरोबर."

"घ्या की."

"खुर्च्या दोनच आहेत."

"मला माहितीये बाबा. मीच बसतो ना त्यांतल्या एकीवर."

म्हातारा अगदी बारीक आवाजात म्हणाला, "एकच मुलगी आहे मला." दातवाल्याने गाढव स्थानकाला लावलं, इंजिन बंद केलं आणि आपलं नाव चालकाच्या जागेवरून काढून टाकलं. जाता जाता बोलण्याच्या बटणाबद्दल सांगायचं राहून गेलं.

नंतर त्याने एक लहान जहाज घेतलं. एका खुर्चीचं, बिननावाचं. तो सहाला बसायचा आणि त्याच स्थानकापासून जरा दूर, कचऱ्याच्या ढिगाजवळ थांबायचा. आपण कशाची वाट बघतोय हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

अकराव्या दिवशी गाढव निघालं. नवा चालक घाईत होता. कुठलाही नवखा जातो तसा तो खडकांच्या पट्ट्यातून सरळ गेला, आणि लुटारू नेमके तिथेच दबा धरून असायचे. दातवाला लांबून मागोमाग गेला. एक लुटारू त्याने खडकाआड गाठून फोडला. दुसरा पळाला, त्याच्या मागे जाताना तो नको तितका गाढवाजवळ आला.

हेडफोनमध्ये अचानक माणसं बोलायला लागली. बटण कुणी दाबलंच नव्हतं.

"बाबा, मागे कुणीतरी आहे! मघापासून पाठलाग करतोय!"

"बघतोय."

तोच आवाज. जरा दमलेला. घुमटातली तोफ सावकाश वळली, तिच्या नळीचं काळं भोक थेट त्याच्यावर आलं. त्याला बोलता आलं असतं. मी आहे बाबा, एवढंच. पण ऐकणारे दोघे होते, आणि म्हाताऱ्याला आता त्या दुसऱ्याबरोबर तिच्या घरी जेवायला बसायचं होतं.

टक.

तो हलला नाही.

टक. त्याने नाक खाली घातलं आणि डावीकडे सटकला. तोफेचा झोत डोक्यावरून गेला.

पुन्हा टक, पुन्हा टक, पुन्हा तो खाली आणि डावीकडे. सगळं सवयीने होत होतं. दुसरीकडे वळायचं त्याला सुचलंच नाही.

तिसऱ्या वेळी पहिली टक आली, दुसरी आलीच नाही.

"मारा ना बाबा! अगदी समोर आहे!"

हेडफोनमध्ये नुसता श्वास. म्हाताऱ्याचा. सात मजले चढून आल्यासारखा.

"गोळ्या संपल्या," म्हातारा म्हणाला.

"आता हो?"

"संपल्या म्हटलं ना. चल तू."

"होता कोण पण?"

"कुणी नाही. वाट चुकलेला असेल."

त्या तोफेला गोळ्या भरायच्या नसतात. ती जहाजाच्या विजेवर चालते, कधी संपत नाही. नव्याला हे माहीत नव्हतं. गाढव जड अंगाने पुढे निघालं. घुमटातली तोफ बराच वेळ दातवाल्याकडे रोखलेली राहिली, मग हळूहळू वळून जिथे काहीच नव्हतं तिकडे बघत राहिली. आवाज तुटले. तो इंजिन बंद करून तिथेच तरंगत राहिला, कुणीतरी येऊन त्याला लुटेपर्यंत.

महिन्याभराने एका डॉक्टरांकडून पाकीट आलं. खालची कवळी, आतून नवं माप घेतलेलं. चिठ्ठीवर लिहिलं होतं: सैल आहे, अस्तर लावणे. नाव लिहिलेलं नव्हतं, पण त्याची गरजही नव्हती. उजव्या दाढा त्याने मुद्दाम थोड्या बुटक्या ठेवल्या होत्या, कारण म्हातारा त्याच बाजूने चावायचा.

त्याने डॉक्टरांना फोन केला. "पेशंटची तक्रार नक्की काय आहे?"

"पेशंटची काहीच नाही. तो नकोच म्हणत होता, चाललंय तसं चालू द्या म्हणे. जावयाने धरून आणलं. हेडफोनमध्ये टकटक ऐकू येते म्हणाला, डोकं उठतं." डॉक्टर हसले. "घट्ट बसव एकदाची."

नव्या मापात प्लास्टर ओतून त्याने जबडा काढला. फळीवर जुना जबडा होताच, पाच वर्षांपूर्वीचा. दोन्ही शेजारी ठेवले. नवा बराच खाली गेला होता, पावसाने धुपलेल्या बांधासारखा. म्हातारा त्याच्याशी बोलत होता ती सगळी वर्षं हे हाड झिजत होतं.

कागदाच्या जाडीएवढी फट ठेवली असती तरी पुरलं असतं. डॉक्टरांना कळलं नसतं. कुठेतरी, कधीतरी, ते जहाज जवळून गेलं असतं, आणि त्याला टक ऐकू आली असती. तो अस्तर भरायची पाती हातात धरून बराच वेळ बसला. मग त्याला सैल कवळीखाली हिरड्यांना पडणारे फोड आठवले, आणि म्हातारा कुणाला काही सांगणार नाही हेही आठवलं.

त्याने अस्तर पूर्ण भरलं. दाबलं, गरम पाण्यात शिजवलं, घासलं. कडा बोटाने तपासल्या. कवळी प्लास्टरच्या जबड्यावर बसवून त्याने नखाने उचलून पाहिली. उचलली जाईना. अंगठ्याने दाबली, पुन्हा दाबली, कान जवळ नेला.

काही आवाज आला नाही.

त्याने ती ओल्या कापसात गुंडाळली, पाकिटात घातली आणि वर डॉक्टरांचा पत्ता लिहिला. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. हात धुवायचे राहिले होते.