आवडाबाईचं मीठ

रेवसचा गुणाजी कोळी मुंबईत गणकयंत्रासाठी थेट यंत्राच्याच आकड्यांत आज्ञा लिहायचा. १९६४ साली यंत्र बदललं आणि त्याचं लिखाण रद्दीत गेलं. सोबतच्या नलूचं मात्र चाललं, कारण तिचं लिखाण कंपायलर नावाचा प्रोग्रॅम हव्या त्या यंत्राच्या आकड्यांत उतरवायचा. गुणाजी नलू आणि कंपायलर दोघांनाही पाण्यात पाही.

"ऐतखाऊ! माझ्या आज्ञांचा वेग कुठून आणतील?"

त्याची आई आवडाबाई मासळी खारवायला बसण्याआधीच मीठ जवळ घेई. दर मासळीला उठत नसे. तसंच यंत्राला त्याच आज्ञांच्या हजार फेऱ्या मारायच्या असल्या, की दर फेरीला तेच येणारं उत्तर गुणाजी फेऱ्यांआधीच एकदा काढून ठेवी. ही युक्ती त्याने कुणालाच सांगितली नव्हती.

चुका काढायला त्याने नलूच्या लिखाणातून कंपायलरने उतरवलेले आकडे वाचले. नलूने फेरीच्या आत मागितलेलं उत्तर कंपायलरने फेऱ्यांआधीच काढून ठेवलेलं होतं.

"मेल्या," तो यंत्रावर खेकसला, "माझी आय तुला कवा भेटली?"