चारही भिंती निळ्या

गेल्या वर्षी दिवाळीनंतर आईचं मोठं ऑपरेशन झालं आणि माझी प्रार्थना थांबली. देवावर रुसले होते असं नाही. त्याच्याकडे काही मागायचं धाडसच उरलं नव्हतं. आईने हिंगणघाटच्या एका वसतिगृहात पोळ्या लाटून मला बी.ए. केलं. नाताळच्या आठवड्यात आमच्या चर्चच्या मंडळीची प्रार्थना घरोघरी होते, पण आमच्या एका खोलीत ती कधीच झाली नव्हती. काळवंडलेल्या, पोपडे सुटलेल्या भिंतींची आईला लाज वाटायची. त्या वर्षी मात्र दवाखान्यातल्या खाटेवरूनच तिने पाळकांना आमच्याकडे बोलावून टाकलं आणि मला हळूच म्हणाली, "पोरी, एकडाव तरी आपल्या घरी देवाचं गाणं होऊ दे." तो 'एकडाव' ऐकला आणि मी घर सजवायला घेतलं.

हातात फारसं काही नव्हतं. घर पांढरंशुभ्र करायचं आणि वर कागदाच्या पांढऱ्या चांदण्या लावायच्या, एवढंच ठरवलं. रात्रभर चुना भिजवला. सकाळी त्यात निळीचे दोन थेंब टाकायला गेले, तर अख्खी बाटलीच बादलीत उलटली. ओला चुना तसाही मळकट दिसतो, वाळला की पांढरा पडतो, अशी मनाची समजूत घालून मी समोरची भिंत रंगवली. ती वाळली, आणि गडद निळी निघाली. दुपारी आई येणार, संध्याकाळी मंडळी येणार; नवा चुना भिजवायला वेळ नव्हता. मी कुंचा टाकला आणि उंबऱ्यात बसून रडले. "प्रभू, आता तूच बघ," एवढंच तोंडातून निघालं. कित्येक आठवड्यांनी.

तेवढ्यात खांद्यावर शिडी घेतलेला एक माणूस प्यायला पाणी मागत दारात थांबला. तो अल्लीपूरचा रंगारी होता. मालकाकडचा रंग संपल्यामुळे लवकर सुटून बसस्टँडकडे निघाला होता. मी काऊन रडून राह्यली, असं त्याने विचारलं. मी भिंत दाखवली. पाणी पिऊन तो बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"एका भितीवर असली तं चूक दिसते, ताई," तो म्हणाला. "चारही भितींवर मारा, मंग लोकं त्याले रंग म्हणते."

शिडी लावून त्याने वरचा भाग घेतला, मी खालचा. पांढऱ्याचा हट्ट सुटल्यावर हात भराभर चालायला लागले. माझ्या कॉलेजच्या वह्यांची पानं बादलीत उरलेल्या निळ्या चुन्यात बुडवून वाळवली आणि त्यांच्या चांदण्या केल्या. आईची निळी साडी खिडकीला लावली. शेजारच्या मावशींनी अंगणात अंथरायला निळी ताडपत्री दिली. रंगाऱ्याने चहा घेतला, पैशाला हात लावला नाही, आणि बस सुटेल म्हणत घाईने गेला.

आई दारात थबकली. "त्या ऑटोवाल्यानं मले दुसऱ्याच्याच घरी उतरवलं का व?" असं विचारून ती भिंतीवरून हात फिरवत आत आली.

संध्याकाळी खोली भरली, अंगण भरलं. सगळ्यांच्या सजावटीत खोड काढणाऱ्या आमच्या मंडळीतल्या एका वृद्ध बाईंनी रंगारी कोण, ते दोनदा विचारलं. डॉक्टरांनी जास्त बोलू नको म्हटलेल्या आईने पहिलं गीत स्वतः उचललं आणि शेवटच्या ओळीपर्यंत नेलं. प्रार्थना संपल्यावर पाळकांनी विचारलं, पुढच्या वर्षीच्या प्रार्थनेचा पहिला दिवस कोणाकडे? कोणी बोलायच्या आत आईने हात वर केला.

"लिहून ठेवा," ती म्हणाली, "इथंच."

मला जे पांढरं हवं होतं, ते देवाने दिलं नाही. माझ्या हातून जे बिघडलं, तेच त्याने घर भरून दिलं. त्या संध्याकाळपासून मी पुन्हा मागू लागले आहे. फक्त रंग कोणता, ते आता त्याच्यावर सोडते.