हिरवी हळद

चूक आधी माझीच. थोरल्या लेकीच्या हळदीचा बॅनर साळ्यानं, म्हणजे बायकोच्या भावानं, मोबाइलवर पाठवला आणि मी लगेच ‘एक नंबर!’ म्हणून कळवून टाकलं. डोळ्यांना त्रास नको म्हणून माझी स्क्रीन कायम पिवळसर केलेली असते, हे डोक्यातच आलं नाही.

हा माझा धाकटा साळा म्हणजे अख्ख्या सानगडीतला सगळ्यात ठाम माणूस. फ्लेक्सचं दुकान चालवतो, पण गिऱ्हाईक ‘जरा लाल करा’ म्हणालं की उखडतो, “आकडा सांगा, रंग कायले सांगता?” कॉम्प्युटरवरच्या रंगारंगाचा आकडा त्याला पाठ. टमाटे दाबून घेतो. चार्जरचा दिवा लाल असो की हिरवा, मोबाइल अर्धपोटीच काढतो. नव्या फोनात उचलायचं आणि कापायचं बटण जागा बदलून आलं, तर पठ्ठ्यानं स्वतःच्या सासऱ्याचेच फोन ओळीनं कापले. सासरे रुसून बसले. आम्ही म्हणायचो, आहेच तऱ्हेवाईक.

फोटोतल्या चेहऱ्याला मात्र एक आकडा नसतो; तिथं हळद त्यानं नजरेनंच चढवली होती. शहापूरला आमच्या मांडवात बॅनर उलगडला. हळद लावलेली माझी पोर कानापासून हनुवटीपर्यंत धानाच्या रोपासारखी हिरवीगार! माझी आत्तेबहीण ओरडली, “अगं माय! नवरीले शेवाळ चढलं का वो?” मांडव खदखदला. साळा एकदा बॅनरकडे बघे, एकदा हळदीच्या वाटीकडे.

“काय झालं भाऊजी? पिवळीच तं हाये.”

खरा धक्का मला तेव्हा बसला. टमाटे, चार्जर, सासऱ्याचे फोन, सगळं एकदम समोर आलं. माझं तोंड बघून, मी ओळखलं हे त्यालाही कळलं. माझा हात धरून हळूच म्हणाला, “कोणाले सांगू नका. रंग दिसत नाही म्हटलं तं दुकानात कोण येईन?”

मी खाकरून मांडवाला सांगितलं, “बॅनर मीच पास केला. माझ्या मोबाइललाच कावीळ झाली आहे, हा बघा.” मग सगळे मला हसू लागले. त्याची मला सवय आहे.

‘कोणाले’मध्ये बायको येत नाही असं धरून, पाहुणे गेल्यावर तिला सांगितलं. तिनं आधी बॅनरची घडी घातली. मग म्हणाली, “लहानपणी तो माह्यासाठी ओंजळभर बोरं तोडून आणे. निम्मी हिरवी. मुद्दाम करते हा म्हणून बाबाले सांगून मार खाऊ घातला मी त्याले. अन् तो रडत रडत म्हणे, पिकलीच तं हायेत, ताई.”