पडलेल्या आमदाराचा नियम

उभ्या जालना जिल्ह्यात निवडणुकीत पडलेले आमदार पुष्कळ सापडतील; पण पडल्यावर स्वतःच स्वतःवर बंदी घालून घेणारा आमदार एकच झाला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. मामा आमदार होते तेव्हा मी मंठ्याच्या कॉलेजात साधा मास्तर असूनही बँकेत मला खुर्ची मिळे. "मामा काल म्हणत होते" एवढं मी बोलायचा अवकाश, साहेब टेबलावरचा पंखा माझ्याकडे वळवत. हे सगळं माझ्या व्यक्तिमत्त्वामुळे घडतं, असा माझा प्रामाणिक समज होता. मामा पडले आणि पंखा पुन्हा साहेबांकडे वळला.

तरी माझी आशा सुटली नव्हती. माजी असला तरी आमदारच तो, एखादा फोन करेलच की! पण पडल्यावर मामांना वेळच वेळ मिळाला आणि ते पेपर शेवटच्या पानापर्यंत वाचू लागले. घात तिथंच झाला. काही देशांत म्हणे सभागृहातून बाहेर पडलेल्या माणसाला काही काळ कुणाचंही काम घेऊन मंत्र्याकडे, अधिकाऱ्याकडे शब्द टाकायला बंदी असते. मामांनी ती बातमी मला मोठ्यानं वाचून दाखवली आणि चष्मा काढला. "आपल्याकडं का न्हाई ओ असं, जावईबापू?"

"न्हाई बुवा," मी म्हणालो. मला काय ठाऊक, पुढं काय वाढून ठेवलंय!

"न्हाई तर न्हाई. आपण आपल्यापुरतं करू. दोन वर्षं बिलकुल कुणासाठी फोन न्हाई."

दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : 'येथे शिफारस मिळणार नाही. चहा मिळेल.' बाजाराला आलेल्या एका पाहुण्यानं तिचा अर्थ आपल्या परीनं लावला, ओसरीवर बसून दोन कप मागवले आणि जाताना खिशात हात घातला. मामींनी पैसे घेतले नाहीत, म्हणून तो पुढच्या बाजारी मेहुण्यालाही घेऊन आला. मामींचं आमदारीण असतानाही इतकं दूध कधी गेलं नव्हतं.

नियम पाळायचा म्हणजे मामा असा पाळायचे की पाहणाऱ्याला घाम फुटावा. सुरुवातीला ते लोकांसोबत तहसीलपर्यंत जात आणि बाहेरच्या बाकावर बसत. एकदा शिपायानं त्यांना ओळखलं, साहेब धावत बाहेर आले आणि सोबतच्या माणसाचा दाखला उभ्या उभ्या निघाला. मामा इतके संतापले की त्या बिचाऱ्याला तो परत करायला लावून पुन्हा रांगेत उभं केलं. तेव्हापासून ते रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसू लागले, तेही कचेरीकडे पाठ करून. कुंभार पिंपळगावच्या एका लग्नात यांच्या शेजारी तहसीलदारच जेवायला बसले. मामांनी जिलेबीचं भरलेलं ताट उचललं आणि बायकांच्या पंगतीच्या टोकाला जाऊन बसले. मी विचारलं तर म्हणाले, "वाढप्याला नुसतं 'सायबाला वाढा' म्हणलो असतो, तरी ती शिफारसच झाली की!"

गावात लोक हसत. मी तर सर्वांत जास्त हसे, कारण हसलो नाही की लोक मलाच 'तुमचे मामा' म्हणून चिडवत.

पण चैत्रात आमच्या शेतावरची विजेची डीपी जळाली आणि माझं हसू आटोपलं. डीपी जळाली म्हणजे मोटार बंद, मोटार बंद म्हणजे पाणी बंद, आणि माझी मोसंबीची झाडं तेव्हा फळावर होती. वीज कचेरीत अर्ज दिला, नंबर लागेल म्हणाले. इकडे फळं रोज टपाटपा गळत होती. ही बाग वडिलांनी लावली आहे आणि पाणी देण्यापलीकडे मी तिच्यासाठी काही केलेलं नाही. आता तेही होत नव्हतं. शेवटी मी मामांचे पाय धरले.

"नियम हाय," मामा म्हणाले. "अन् त्यात तुमी जावई. जावयाचं काम म्हंजे तर लईच वाईट."

"जावई मरू द्या हो मामा, झाडांनी काय घोडं मारलंय?"

संध्याकाळी मात्र ते स्वतःच बागेत आले. सुकून मुडपलेलं एक पान बोटांत धरून बराच वेळ उभे राहिले आणि मग त्यांनी खिशातून फोन काढला. आमदार असताना मामा फोन नेहमी स्पीकरवर करत. आपल्यासाठी साहेब काय बोलतात ते माणसाला स्वतःच्या कानानं ऐकू यावं, ही त्यांची पद्धत. तसाच आताही वीज कचेरीला केला. नावही सांगितलं नाही, कारण ते कधी सांगावं लागलंच नव्हतं.

"हां, मी बोलून राह्यलो."

"मी कोण?" पलीकडचा आवाज तरुण होता.

मामांनी नाव सांगितलं. माजी आमदार, हेही सांगितलं.

"बरं. अर्ज दिला का? मग नंबरानं मिळंल, काका. सगळ्यांचंच जळालंय." आणि फोन बंद झाला.

मला कुठं बघावं कळेना. "नवं पोरगं आलं असंल मामा, त्याला काय माहीत," मी म्हणालो.

"न्हाई, बराबर बोलला तो," मामा फोनकडे बघत म्हणाले. "नियम म्या मोडला, त्यानं पाळला."

सकाळी बागेत टँकर उभा होता. पाणी मामांच्या शेततळ्यातलं होतं, त्यांच्या स्वतःच्या मोसंबीच्या तोंडचं. नंबर लागून डीपी येईपर्यंत टँकर येत राहिला आणि माझी बाग वाचली. त्यांची निम्मी गेली. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आणि माझीही विचारायची छाती झाली नाही.

दोन वर्षं सरून गेली. परवा मी मामांकडे बसलो होतो, तेवढ्यात एक म्हातारा आला. पोरीचा पगार तहसील कचेरीत अडकला होता, साहेबांना एक फोन करा म्हणत होता. मामांचा हात खिशापर्यंत गेला आणि तिथंच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं घाबरलेलं त्यांना मी निवडणुकीच्या निकालादिवशीही पाहिलं नव्हतं.

"मामांचा नियम हाय बाबा," मी घाईनं म्हणालो. "आणखी दोन वर्षं वाढवलाय. न्हाई तर एका फोनाचं काम व्हतं."

म्हातारा हात जोडून म्हणाला, "अशी मानसं राह्यली न्हाईत आता."

मामा चपला पायांत सरकवत उठले. "चला, मी येतो संगं. लायनीत उभं राहू."

मीही मागोमाग गेलो. खिडकीवरच्या मुलीनं त्यांना ओळखलं नाही. ऊन मी म्हणत होतं आणि मामा म्हाताऱ्याची पिशवी धरून त्याच्या पोरीची, पावसापाण्याची चौकशी करत एकेक पाऊल पुढं सरकत होते. आमदार होते तोवर मामा मला नुसते उपयोगाचे होते. ते आवडायला लागले ते आता, आणि आता त्यांना रांगेत फार वेळ उभं राहवत नाही.