गच्चीवरची पहिली स्ट्रॉबेरी

स्ट्रॉबेरीला फळ धरत नव्हतं, आणि माझा संशय खतावर नव्हता, माणसांवर होता.

बंगळुरूला बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घराच्या वाट्याला गच्चीचा एकच कोपरा आहे, टाकीशेजारचा. तिथे दोन कुंड्या ठेवल्या की चालायला जागा नाही. म्हणून मी एका जाड पाइपला भोकं पाडली, तो उभा केला आणि भोकाभोकांत रोपं लावली. पानं जिथून फुटतात तो गड्डा मातीत दबून कुजणार नाही, एवढं पाहिलं. मग गच्चीवरूनच पुण्याच्या नणंदेला फोन केला. "वन्सं, संक्रांतीला येताना महाबळेश्वरची पेटी आणू नका. या वेळी माझ्या घरच्या खा." त्या हसल्या. ते हसणं मला आवडलं नाही.

फुलं भरपूर आली. पण सकाळी जावं तर नुसते देठ. खार म्हणावी, तर खाली एक पाकळी सांडलेली नाही. बुलबुल म्हणावा, तर देठ नखाने खुडल्यासारखा. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या बाईवर मी आठवडाभर नजर ठेवली. नवऱ्यालाही विचारलं.

"मी फुलं खात नाही," तो म्हणाला.

मग एके सकाळी पाइपवर कुंकवाचं बोट उमटलेलं दिसलं. ओलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी टाकीमागे उभी राहिले. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीणबाई न्हाऊन, परडी घेऊन वर आल्या. त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलं, मराठी. आम्ही त्यांना अक्का म्हणतो.

"अक्का, ती फळाची फुलं आहेत!"

दचकल्यासुद्धा नाहीत. "अय्यो, पांढरी आहेत की गं. देवाला स्वल्प घेतली तर तुझं काय जातं?"

"फूल गेलं की फळ जातं."

"सरी, सरी, बरं. मग देवाला दुसरं पांढरं फूल तू दे."

भांडणार काय, कोपरा त्यांचाच. मी तगरीची कुंडी आणून ठेवली. आता टाकीकडे अंग चोरून जावं लागतं. अक्का तगर खुडू लागल्या, तरी मी रोज स्ट्रॉबेरीचे देठ तपासत होतेच.

वन्सं आल्या त्या सकाळपर्यंत एकच फळ लाल झालं होतं. चहा टाकून ते आणायला वर गेले, तर गायब. तणतणत जिना उतरले, तो अक्का आमच्या दारात वाटी घेऊन उभ्या. केळ्याच्या कापांवर माझी स्ट्रॉबेरी, चार फोडी केलेली.

"पहिलं फळ. नैवेद्य दाखवला. घ्या."

वन्संनी फोड डोळ्यांना लावून तोंडात टाकली. आंबट होती, ते त्यांच्या जबड्यावरूनच कळलं. पण प्रसादाला नावं कोण ठेवणार?

"छान आहे," त्या म्हणाल्या.

अक्का माझ्याकडे बघून हसल्या. गच्चीवरचा माझा फोन खाली किती ऐकू गेला होता, ते मी अजून विचारलेलं नाही. तगरीला पाणी मात्र आधी घालते.