कमळाच्या हौदातलं धान

लोक पैसे मोजून अंदमानात समुद्र बघायला येतात, आणि सोनिकाला त्याचा वीट आला होता. एवढं पाणी, पण धानाची एक बांधी भिजेल तर शपथ! तिथल्या एका बेटावरच्या रिसॉर्टात नवरा ओमेश्वर बाग बघायचा, ती चादरी धुवायची. गावी, चोरखमाऱ्याच्या तलावाखालची शेती सासू जमुनाबाई एकटीच सांभाळत होती.

उन्हाळ्यात सुटी संपवून निघताना सासूनं तिची ओटी घरच्या, न सडलेल्या धानानं भरली होती. "नवे तांदूळ खायले या," एवढंच बोलली. त्यांच्या घरी नव्या तांदळाचा पहिला भात सगळे मिळूनच खायचे. "येतोच ना, माय," ओमेश्वर छातीठोकपणे म्हणाला होता.

रिसॉर्टातला कमळाचा हौद रिकामा पडला होता. सोनिकानं त्यात ते धान लावलं. बघता बघता लोंब्या आल्या, पाहुणे फोटो काढू लागले, मॅनेजर खूश! पण धान पिकलं आणि ती विळा घेऊन गेली, तर तो धावतच आला. "अरे, काटना मत! सीझन है, गेस्ट को अच्छा लगता है." सुटी मागितली, तर तीही सीझननंतर. मेल्याला काय म्हणावं!

गावात दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली. जमुनाबाईचा फोन आला.

"कवा येता? कापणी होऊन गेली. तुमी येत नाई तवरी नवे तांदूळ शिजवत नाई मी. जुनेच खाऊन राहिली."

जुने म्हणजे धान्य साठवायच्या ढोलीच्या तळचे, सोंडे पडलेले. सोनिकाला ठाऊक होतं. म्हातारीनं आपल्यापायी किडके तांदूळ खायचे?

हौदाच्या मागच्या बाजूला फोटो कोणी काढत नव्हतं. तिथल्या लोंब्या तिनं हातानं ओरबाडल्या, धान बत्त्यानं कुटलं आणि भात रांधला. वाफ नाकात गेली मात्र, तिला रडू कोसळलं. घर हवं होतं, दुसरं काही नको होतं. ओमेश्वरही मान खाली घालून जेवला.

मग तिनंच फोन लावला. "माय, आमी इकडंच नवे तांदूळ खाल्ले. तुमच्याच धानाचे. आता तुमी बी खाऊन घ्या."

"बरं केलं वो बाई," जमुनाबाई म्हणाली. मग तिनंच विचारलं,

"मंग आता येत नाई म्हणता?"