समुद्रफुलाला नळाचं पाणी

अण्णांना स्वतःबद्दल कुणी काही बोललेलं चालायचं, पण त्यांच्या पाण्याला नावं ठेवलेली मुळीच खपत नसत. सगळी नोकरी त्यांनी शहराच्या पाणी शुद्धीकरण केंद्रात काढली होती. गढूळ पाणी निवळायचं, वाळूतून गाळायचं, त्यात क्लोरीन सोडायचं आणि काचेच्या नळीत थेंब टाकून पिवळा रंग किती येतो, म्हणजे क्लोरीन किती उरलाय, ते बघायचं. निवृत्त झाले तरी खोड गेली नव्हती. कुणी पाण्याचा पेला पुढे केला की आधी तो उजेडात धरून बघायचे, आणि त्या घरच्या बाईचा चेहरा उतरायचा.

अशा माणसाच्या घरात सून आली ती खाऱ्या पाण्याची टाकी घेऊन. टाकी तिच्या वडिलांची. ते गेल्यावर तिने माहेरचं दुसरं काहीच मागितलं नव्हतं. आत नारंगी माशांची जोडी, लांब मिशांची एक कोळंबी आणि खडकाला पाय रोवून बसलेलं समुद्रफूल. नाव फूल, पण तो प्राणी. मऊ बोटांचा नुसता झुपका, आणि मासे त्यातच झोपायचे. तिच्या बाबांनी आणलं तेव्हा ते बटणाएवढं होतं, आता ताटाएवढं झालं होतं.

"अण्णा, या टाकीला नळाचं पाणी चालत नाही बरं का," सुनेने आल्या आल्या सांगून टाकलं.

"अख्खं शहर पितं ते! तुझे मासे काय राजघराण्यातले लागून गेले?"

ती हसली आणि तिने मोरीत शुद्ध पाण्याचं मशीन बसवलं. हे मशीन थेंबाथेंबाने कॅन भरायचं आणि त्याच्या कितीतरी पट पाणी दुसऱ्या नळीतून सरळ गटारात सोडायचं. ती धार बघून अण्णांचा जीव तुटायचा. एकेका थेंबासाठी आपण राबलो आणि आपल्याच घरात हे, असं त्यांना वाटे. पण मुलगा बोटीवर नोकरीला, घरात दोघंच. भांडण काढून रोज तोंड कुठे लपवायचं, म्हणून ते गप्प बसत.

मग तिला ऑफिसने प्रशिक्षणासाठी आठवडाभर बाहेरगावी पाठवलं. "टाकीतलं पाणी रोज थोडं उडतं, मीठ मागेच राहतं. म्हणून कॅनमधलं साधं पाणी टाकीवरच्या खुणेपर्यंत घालत जा. बाकी काही करू नका," ती म्हणाली. 'बाकी काही करू नका' हे अण्णांना झोंबलं.

कॅन संपला आणि त्यांनी मशीन काही चालू केलं नाही. ते अडाणी नव्हते. क्लोरीन माशांना बाधतो हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून पहाटे नळ सोडला की पहिलं पाणी बादलीत घेऊन ते दिवसभर उघडं ठेवत, संध्याकाळी थेंब टाकून बघत. पिवळ्याचा मागमूस नाही! मग ऐटीत ते पाणी टाकीत ओतत. सून आली की सगळं सांगायचं आणि मशीन माळ्यावर टाकायचं, असा बेत पक्का होता.

ती परतायच्या दिवशी सकाळी कोळंबी आडवी पडलेली दिसली. अण्णांनी जाळीने ढोसलं, ती हलली नाही. समुद्रफूल आक्रसून मुठीएवढं झालं होतं. मासे त्याच्याभोवती घिरट्या घालत होते, आत शिरत नव्हते. तेवढ्यात फोन वाजला.

"अण्णा, संध्याकाळी पोचते. सगळं ठीक ना?"

"सगळं ठीक आहे," अण्णा म्हणाले. आपल्या तोंडून हे इतक्या सहज कसं निघालं, याचं त्यांनाच नवल वाटलं.

बाटलीत टाकीचं पाणी भरून ते तडक माशांच्या दुकानात गेले. दुकानदाराने त्यात कसलेसे थेंब टाकले, रंग बघितला आणि विचारलं, "काका, घरातले पाइप कसले आहेत?"

"तांब्याचे. नवेकोरे. गंजके लोखंडी काढून मी स्वतः बसवलेत."

"मग तेच. रात्रभर पाइपात पाणी मुरतं, त्यात तांबं उतरतं. आपल्याला काही होत नाही. कोळंबी आणि फूल मात्र टिकत नाहीत."

सगळ्यात पहिलं पाणी, रोज न चुकता, अण्णांनी स्वतःच्या हाताने घातलं होतं.

दुकानदाराने तयार शुद्ध खाऱ्या पाण्याचा कॅन आणि तांबं शोषणाऱ्या कोळशाची पिशवी दिली. "पिशवी टाकीत सोडा. फूल ताबडतोब या पाण्यात काढा. पण ओढू नका हं, पाय फाटला तर संपलं. तुमच्या सुनेला विचारा, तिला जमतं ते."

कॅन जिना चढवताना अण्णांना धाप लागली. खारं पाणी स्वच्छ बादलीत ओतलं, कोळशाची पिशवी टाकीत सोडली. टाकीसमोर उभे राहिले, हात आत घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला. न सांगता जमलं तर? बोट लागताच फूल आणखी आकसलं. अण्णांनी हात पुसला आणि फोन लावला.

"मी खोटं बोललो," ते म्हणाले. "नळाचं पाणी घातलं. कोळंबी मेली. फूल मरायला टेकलंय."

ती म्हणाली, "बाबा दवाखान्यात होते तेव्हाही फोनवर सगळे हेच सांगायचे. सगळं ठीक आहे. म्हणून मी गेलेच नाही."

अण्णांना वाटलं, त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"फोन स्पीकरवर ठेवा," ती म्हणाली. आवाज कोरडा होता. "नखं लावू नका. बोटाच्या पेराने, कडेकडेने. सोडतंय का?"

"नाही."

"थांबा. घाई नको. परत."

किती वेळ गेला कोण जाणे. अण्णांची पाठ भरून आली, बाही खांद्यापर्यंत भिजली. शेवटी कड सुटली, मग अर्धा पाय, मग फूल लोळागोळा होऊन त्यांच्या तळहातावर आलं. ते त्यांनी श्वास धरून बादलीत सोडलं. मग मोरीत जाऊन मशीन चालू केलं आणि गटारात जाणाऱ्या धारेकडे मुकाट्याने बघत बसले.

संध्याकाळी ती आली. चपला तशाच, बॅग खांद्याला तशीच. बादलीशी वाकली आणि थबकली. "माझ्या हाताला क्रीम आहे, ते पाण्यात जायला नको. तुम्ही बोट लावा. जिवंत असेल तर चिकटेल. नाहीतर नुसतं बुळबुळीत लागेल."

आपल्यालाच आता निकाल सांगावा लागणार, याची अण्णांना सकाळपासून भीती होती. त्यांनी बोट त्या मऊ गोळ्याला टेकवलं. काहीच नाही. बोट तसंच ठेवलं. मग कातडीला अगदी हलकी ओढ लागली, गोंद सुकताना लागते तशी.

"चिकटलं," ते म्हणाले.

सून त्यांच्याकडे बघत राहिली. "खरं सांगताय?"

हा प्रश्न अण्णांना वर्मी लागला, पण त्यांनी शपथ घेतली नाही. उठून मशीनच्या कॅनमधलं शुद्ध पाणी आणलं, साबण दिला आणि तिच्या हातांवर ते पाणी धारेने ओतत राहिले, सगळा फेस मोरीत वाहून जाईपर्यंत.

"माझ्यावर नको ठेवूस विश्वास," ते म्हणाले. "तूच बघ."

ती खाली बसली, बाही सारली आणि बादलीत बोट घातलं. अण्णा उभेच होते. तिने बोट किंचित उचललं तशी मऊ गोळ्याची कड त्याबरोबर ओढली गेली. बराच वेळ तिने बोट बाहेर काढलं नाही.